कातरणावरची माया

ताईच्या हातचा कपडा उलटा करून बघितला तर आत आणखी अर्धा कपडा निघतो, असं गल्लीतले लोक म्हणायचे. थट्टेनं म्हणायचे, पण कपडे शिवायला पुन्हा तिच्याकडेच टाकायचे. उद्या माणूस अंगानं भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात, त्याला शिवणकामात माया म्हणतात. बाकीचे शिंपी बोटभर माया ठेवतात, काही चिक्कू तर तेवढीही नाही. ताई सढळ हातानं ठेवायची. गिऱ्हाईक वाळून काटकी झालेलं असलं तरी ठेवायची. "अगं, आता या वयात मी कुठली भरतेय," असं एखादी म्हातारी म्हणाली की ताईचं उत्तर ठरलेलं, "राहू दे हो आत. खायला मागते का ती?"

दुकान म्हणजे रस्त्यावर उघडणारी एक लांबट खोली. दाराशी कापायचं टेबल, खिडकीला लागून शिलाई मशीन, कोपऱ्यात इस्त्री, आणि खालचा टवका उडालेला एक उंच आरसा. मागच्या दोन खोल्यांत घर. टेबल ताईचं, मशीन गुंडीचं. गुंडी म्हणजे ताईची धाकटी बहीण. लहानपणी तिनं कोटाची गुंडी गिळली होती आणि ती बाहेर पडेपर्यंत घरादाराचं लक्ष एकाच गोष्टीकडे लागून राहिलं होतं. नाव पडलं ते तेव्हापासून, कायमचं.

आईवडील लवकर गेले. ताईनंच गुंडीला वाढवलं, मशीनवर बसवलं, आणि तिच्या वतीनं सगळं ठरवलं. केस किती ठेवायचे, कुठला रंग शोभतो, कुणाशी किती बोलायचं. गुंडीला कुणी काहीही विचारलं की ती मशीन न थांबवता म्हणायची, "ताई म्हणेल तसं." त्यात कुरकुर नव्हती, सवय होती. ताईला ती सवय फार आवडायची, हेही इथं सांगून टाकलेलं बरं.

गुंडीचे कपडे अर्थात ताईच शिवायची, आणि ते कायम ढगळ असायचे. लहानपणी वाढत्या अंगाचे म्हणून, आणि मोठेपणी उगाच.

"ताई, मी पस्तिशी ओलांडली. आता कुठं वाढणार आहे?"

"आडवी वाढशील. मग येशील रडत."

समोरच्या घड्याळवाल्याला मात्र ढगळ कपड्यांतली गुंडीही बरोबर दिसली होती. घड्याळं दुरुस्त करणारा हा मुलखाचा अबोल गृहस्थ एकच पँट घेऊन वर्षभर दुकानात येत होता. आधी सैल करा म्हणून, मग घट्ट करा म्हणून, मग पुन्हा सैल. "याची कंबर आहे की भरती-ओहोटी," असं ताई तो गेल्यावर म्हणायची. गुंडी मान खाली घालून हसायची, आणि त्या पँटचे टाके जरुरीपेक्षा बारीक घालायची. ताईला सगळं दिसत होतं. एकदा त्याला चहाला बोलावून सरळ विचारावं, असं तिच्या मनात घोळत होतं.

अशातच गुंडीला गाठ लागली. नव्या झग्याची बाही बसतेय का ते बघायला ती आरशापुढं उभी होती. बगलेच्या जरा पुढं तिचं बोट अडलं. "ताई, इथं आत कुणीतरी गुंडी शिवलीय बघ," ती हसतच म्हणाली. ताईनं हात लावून पाहिला. अस्तराच्या आत धागा कुठं गोळा झालाय ते वरून नुसता हात फिरवून सांगणारी बाई ती. तिचा हात तिथंच थबकला.

तपासण्या झाल्या आणि कॅन्सर निघाला. डॉक्टर तरुण होत्या, बोलायला मोकळ्या होत्या. गाठ वेळेवर सापडलीय, सबंध स्तन काढायची गरज नाही, गाठ आणि भोवतालचं थोडं काढू आणि बाकीचं वाचवू, असं त्यांनी समजावून सांगितलं. 'वाचवू' म्हटल्यावर ताईचे डोळे भरून आले. गुंडीची छाती शाबूत राहणार, तिचं लग्न होणार, सगळं जिथल्या तिथं बसणार, असं तिला त्या एका शब्दात दिसलं. ऑपरेशन झालं, ठीकठाक झालं.

काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला त्या दिवशी गुंडी पलीकडच्या खोलीत ड्रेसिंग बदलून घेत होती. डॉक्टरांनी ताईला आत बोलावलं.

"तुम्ही शिवणकाम करता ना, ताई?"

"करते. जन्म गेला त्यात."

"माझी आईपण शिवायची. मग तुम्हाला पटकन कळेल." डॉक्टरांचा चेहरा जरा खुलला. "गाठ निघालीय. पण एका बाजूला माया कमी पडलीय. अगदी धाग्याएवढी आहे. मला विचाराल तर पुन्हा एकदा आत जाऊन त्या बाजूचं अजून थोडं कापून घ्यावं. तिचं वय लहान आहे, गाठीची जात तापट आहे. अशांना परत यायची भीती जास्त असते. जबरदस्ती नाही माझी. तिच्याशी बोला, दोघी मिळून ठरवा, आणि मला सांगा."

बिचारीनं किती चांगल्या मनानं तो शब्द वापरला होता! ती मार्जिन-बिर्जिन काही म्हणाली असती तर ताईला कळलं नसतं, तिनं चार वेडेवाकडे प्रश्न विचारले असते, आणि कुणी सांगावं, पुढचं सगळं वेगळं झालं असतं. पण माया म्हटल्यावर ताईला वाटलं, आपल्याला समजलं. ज्या शब्दात हयात गेली त्याचा अर्थ काय विचारायचा?

ताईच्या हिशेबी माया असते ती कपड्यात, अंगावर चढणाऱ्या, शिवून पुऱ्या झालेल्या कपड्यात. कापून खाली पडतं ते कातरण. ते झाडून टाकायचं असतं. कातरणाला कुणी माया मोजत नाही. म्हणून ताईनं जे ऐकलं ते असं, की गुंडीच्या छातीत एका बाजूला आता धाग्याएवढंच उरलंय, आणि ही पोरगी तिथंच पुन्हा कात्री घालायचं म्हणतेय. माया कमी आहे हेही हीच सांगते, आणि वर अजून कापू म्हणते! कटिंग शिकली तरी कुठं ही? जिथं माया नाही तिथं आणखी आत घेतलं की शिवण ओढते, चुण्या पडतात, आणि होता तो कपडाही हातचा जातो. हे शिकाऊ पोरींना पहिल्या आठवड्यात कळतं.

"बोलते तिच्याशी," एवढंच ताई म्हणाली, आणि उठली.

ती बोलली नाही. घरी येताना गुंडीनं विचारलं, "काय म्हणाल्या गं?"

"गाठ निघाली सगळी. झालं तेवढं पुरे आहे."

गुंडीनं इतक्या मोकळेपणी श्वास सोडला की आपण केलं तेच योग्य, अशी ताईची खात्री झाली. दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरांना फोन करून नको म्हणून कळवलं. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी गुंडीलाच विचारलं, "ताईंनी कळवलं मला. तुमचं नको असंच ठरलंय ना? नक्की?" काय नको, ते गुंडीला उमगलं नाही. तिनं ताईकडे पाहिलं. ताईनं मान हलवली.

"ताई म्हणेल तसं," गुंडी म्हणाली.

डॉक्टर क्षणभर घुटमळल्या. बाहेर पेशंटची रांग होती. "बरं. मग किमो झाली की रेडिएशन मात्र पूर्ण घ्यायचं. त्यात कुचराई नको," त्या म्हणाल्या.

किमोत गुंडीचे केस गेले. घड्याळवाला या काळात दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला येऊ लागला. घड्याळ अगदी व्यवस्थित चालत होतं. तो ते उतरवायचा, पुसायचा, पुन्हा टांगायचा, आणि "आता ठीक आहे," असं गुंडीकडे बघून म्हणायचा. ते विधान होतं की प्रश्न, हे शेवटपर्यंत कळायचं नाही.

मग रेडिएशन सुरू झालं. गुंडीच्या अंगावर पेनानं रेघा मारल्या, खुणा केल्या. त्या पाहून ताईनं पसंतीची मान डोलावली. "आखलंय मात्र नीट हं." पण हळूहळू त्या रेघांच्या आतली कातडी लाल झाली, मग काळवंडली, मग सोलवटली. ठरलेले शेक संपत आले तेव्हा तिथल्या माणसानं सांगितलं, की आता शेवटचे थोडे जादा शेक फक्त टाक्यांच्या जागी द्यायचेत, कारण धोका तिथंच जास्त आहे.

ताई तिथल्या तिथं भडकली. ज्या शिवणीला माया नाही तिच्यावर तापलेली इस्त्री कुणी दाबून धरतं का? टाके उकलतील नाही तर काय! आणि ही जागा तीच, धाग्याएवढी उरलेली.

"थोडेच तर राहिलेत, ताई. घेऊन टाकते," गुंडी म्हणाली.

"काही नको. भाजून काढलीय तुला मेल्यांनी. पुरे झालं."

"अगं पण ते म्हणतायत की—"

"ते म्हणतील. अंग त्यांचं आहे का?"

मग गुंडीचं नेहमीचं ते वाक्य आलं. ताईनं तिला रिक्षात घालून घरी आणलं, आणि दुसऱ्या दिवशीपासून जाणं बंद केलं. फोन आले, त्यांना "बरं वाटत नाहीये तिला" म्हणून सांगितलं.

पुढची दोन-अडीच वर्षं छान गेली. खोटं कशाला सांगा, ताईच्या आयुष्यातली ती सगळ्यात छान वर्षं होती. गुंडीचे केस आले ते कुरळे आले. घड्याळवाल्याला एकदाचं चहाला बोलावणं झालं. तो आला, कप हातात घेऊन बसला, चहा निवून गेला तरी बसून राहिला. तपासणीला गेल्यावर डॉक्टर हात लावून बघायच्या, फोटो काढायच्या, "छान" म्हणायच्या. ताई मनात म्हणायची, बघितलंस, राखली ना मी?

आणि मग एके दिवशी आंघोळ करून आलेली गुंडी नुसती दारात उभी राहिली. हसली नाही. "ताई, टाक्यांच्या ओळीवर मणी आल्यासारखं लागतंय," ती म्हणाली.

पुन्हा तपासण्या झाल्या. निकाल सांगायला डॉक्टरांनी दोघींना बोलावलं, पण गुंडीला आधी रक्त द्यायला थांबवून घेतलं, म्हणून ताई एकटीच आत गेली. डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. "तिलाही सांगणारच आहे मी. परत आलाय, ताई. जुन्या टाक्यांच्या जागीच. आणि फुफ्फुसातही डाग दिसतायत."

ताईनं टेबलाची कड धरली. "मग कापा," ती म्हणाली. "आता काढा सगळं. काही मागं ठेवू नका. हवं तेवढं कापा."

"आता कापून उपयोग नाही. तो पुढं गेलाय. औषधं देऊ. जितके दिवस दाबून धरता येईल तितके धरू."

"उपयोग नाही?" ताईचा आवाज चढला. दुःख झालं की तिला आधी राग यायचा, तिचा स्वभावच तसा. "तेव्हा बरी कापायची घाई झाली होती तुम्हाला! माया कमी आहे हे स्वतःच सांगितलंत, आणि वर कापू म्हणालात. मी होते म्हणून. मी नको म्हटलं, होती नव्हती तेवढी माया राखली पोरीची. ते जादा शेक पण घेऊ दिले नाहीत. आणि आता कापा म्हणते तर—"

डॉक्टरांनी तिला मध्येच थांबवलं. "काय राखलीत?"

"माया. तिच्या अंगातली. धाग्याएवढी उरलीय म्हणाला होतात ना?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग अगदी हळू आवाजात त्या म्हणाल्या, "ताई, माया कमी होती म्हणूनच तर कापायचं होतं."

ताईला काही कळेना. डॉक्टरांनी टेबलावरचा कापसाचा बोळा घेतला, त्यात पेनाचं टोपण गुंडाळलं. "ही गाठ समजा. काढताना आम्ही ती एकटी काढत नाही. भोवतीनं चांगलं मांस घेऊन काढतो, असं. मग तो काढलेला तुकडा तपासायला जातो. भोवतीनं सगळीकडे चांगलं मांस असेल तर समजायचं, रोग पुरता बाहेर आला. तिच्या तुकड्याला एका बाजूला चांगलं मांस जवळजवळ नव्हतंच. म्हणजे त्या बाजूला आत थोडा रोग राहिला असायची भीती. म्हणून म्हटलं, अजून थोडं घेऊ. आणि म्हणूनच ते जादा शेक त्या जागेवर."

ताई त्या कापसाकडे बघत होती. एका बाजूनं निळं टोपण उघडं पडलं होतं.

"म्हणजे माया कातरणावरची होती," ती म्हणाली.

"हो."

"जे काढून टाकलं त्याच्यावरची."

"हो, ताई."

ताईनं तो बोळा हातात घेतला. "मग मी मारली तिला."

"नाही." डॉक्टर झटकन म्हणाल्या, आणि मग थांबून, शब्द निवडत बोलल्या. "असं नसतं. कमी वयात होणारा कॅन्सर मुळात जोरकस असतो. तिची गाठ भराभर वाढणाऱ्यातली होती. गोळ्यांना दाद देणाऱ्यातली नव्हती. बारीक नसांमध्येही पेशी सापडल्या होत्या. यातल्या कुठल्याही कारणानं तो परत आला असता. सगळं यथासांग केलेल्यांनाही येतो. तिचा कशानं आला, हे कुणीच सांगू शकणार नाही." त्या पुन्हा थांबल्या. "पण पुन्हा कापलं असतं आणि शेक पुरे झाले असते तर तिथं यायची शक्यता कमी झाली असती. खोटं कसं सांगू तुम्हाला? आणि तो शब्द माझा होता. मी नीट विचारायला हवं होतं, काय कळलं म्हणून."

डॉक्टर रडत होत्या. ताईला त्यांचाही राग आला नाही, इतकी ती रिकामी झाली होती. तेवढ्यात दार ढकलून गुंडी आत आली, दंडावर कापूस दाबून धरलेला. दोघींचे चेहरे बघून तिला निम्मं तिथंच कळलं.

नवी औषधं सुरू झाली. गुंडी वाळायला लागली तरी जमेल तसं मशीनवर बसायची. ताईचं मात्र टेबलावर लक्ष लागेना. एकदा तिनं दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. एकदा शाळेच्या गणवेशाचा गळा इतका खोल कापला की नवं कापड आणून भरपाई करावी लागली. झाडताना ती कातरणं उचलून हातात धरायची आणि त्यांच्या कडा बघत उभी राहायची. जन्मभर जे केरात टाकलं त्यात तिच्या बहिणीचं आयुष्य होतं, आणि ते तिला ठाऊक नव्हतं. सांगावं की नाही, या एका विचारानं तिला पोखरून काढलं. सांगितलं तर गुंडीचा तिच्यावरचा विश्वास जाईल, आणि तो गेला तर ताईजवळ दुसरं काय होतं? न सांगितलं तर गुंडी तिला तसाच जीव लावत जाईल, आणि ते तर त्याहून सहन होईना.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. गुंडी काजं करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "ताई, तू अशी झुरू नकोस. तू काही करायचं बाकी ठेवलं नाहीस. सगळं नीट केलंस तरी आला, त्याला तू काय करणार? माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिला एवढं करणारी बहीणपण नसती."

हे ताईला ऐकवलं नाही. तिनं कात्री खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टर काय म्हणाल्या होत्या, तिनं काय ऐकलं, घरी येताना गुंडीला काय सांगितलं, जादा शेक का घेऊ दिले नाहीत. स्वतःची बाजू सावरून घ्यायला एक शब्दही घातला नाही. बोलताना ती आरशाच्या उडालेल्या टवक्याकडे बघत होती, कारण गुंडीकडे बघायची हिंमत नव्हती.

सुई चालायची थांबली होती.

"त्या पुन्हा कापायचं म्हणाल्या होत्या?" गुंडीनं विचारलं.

"हो."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"मला वाटलं, मला कळलंय. मला वाटलं, तुझी छाती—"

"माझी छाती." गुंडीनं सुई कापडात खोचली. तिला इतकं चिडलेलं ताईनं कधी पाहिलं नव्हतं. "मी ताई म्हणेल तसं म्हणायचे, कारण मला वाटायचं, तुला कळतं. तू नुसतं सांगायचंस तरी, त्या काय म्हणाल्या ते. त्यांच्या शब्दांत."

"शब्द तोच होता गं. माया. तूही तेच ऐकलं असतंस."

"ऐकलं असतं! मीही शिंपीणच आहे. मीही चुकले असते कदाचित." गुंडी उठली. हातातला कपडा तिनं मशीनवर टाकला. "पण माझी मी चुकले असते, ताई."

ती आत गेली. दार आपटलं नाही, नुसतं लावून घेतलं. ताई टेबलापाशी उभी राहून रडली. गिऱ्हाईक आलं तेव्हा डोळे पुसून तिनं माप घेतलं, आणि ते चुकीचं घेतलं.

त्यानंतर गुंडी ताईशी कामापुरतं बोलायची. धागा दे, इस्त्री तापली का, एवढंच. घड्याळवाला पँट घेऊन आला तेव्हा ताई पुढं होणार, तोच गुंडी उठली आणि टेप घेऊन तिनंच माप घेतलं. या वेळी पँट खरोखरीच सैल झाली होती. बातमी त्याला गल्लीतून कळली असणार, आणि त्यानं जेवण टाकलं असणार. "बाहेर येता का जरा?" गुंडी त्याला म्हणाली. दोघं समोरच्या पायरीवर बसून बोलली. काय बोलली ते ताईला ऐकू आलं नाही, आणि गुंडीनं सांगितलं नाही. ताईनं विचारलंही नाही. विचारायचा हक्क आपण गमावला, असं तिला वाटत होतं.

मग एके सकाळी गुंडी बाजारातून एकटीच कापड घेऊन आली. चालून दम लागला होता. तिनं ते टेबलावर पसरलं. गर्द जांभळं कापड होतं. हा रंग तुला शोभत नाही, काळी दिसतेस, असं ताई तिला लहानपणापासून सांगत आली होती.

"माझ्यासाठी झगा काप," गुंडी म्हणाली. बऱ्याच दिवसांत एवढं लांब वाक्य ती ताईशी बोलली नव्हती.

ताईनं टेप घेतली. माप घेताना तिला बरगड्या लागत होत्या. छातीवरून नेताना टेप घसरली, तशी गुंडीनं स्वतःच टेप धरली आणि बरोबर जागी बसवली. मापं झाली. ताईनं खडू उचलला, तर गुंडीनं तो तिच्या हातातून काढून घेतला. टेबलावर वाकून तिनं स्वतः रेषा आखायला सुरुवात केली. खांदा, मुंढा, बाजू. मध्ये दोनदा बसली, पाणी प्यायली, पुन्हा उठली. रेषा सरळ येत होत्या. ताईनंच शिकवल्या होत्या.

"हे फार आत आखलंयस," ताईच्या तोंडून गेलं. "माया कुठं ठेवायची यात?"

"शिवणीपुरती राहील. बाकी नको."

"अगं, पण पुढं कधी भरलीस, कधी सैल करायचा झाला तर—" ताई एकदम थांबली. बोलून गेल्यावर तिला कळलं, की गुंडीनं ते आधीच मोजलेलं आहे.

"सैल करायची वेळ येणार नाही, ताई," गुंडी शांतपणे म्हणाली. "एकदा तरी मला अंगाबरोबर बसणारा कपडा घालू दे."

ताईचे डोळे वाहायला लागले. जांभळ्या कापडावर डाग पडेल म्हणून ती मागं सरली आणि पदर नसल्यामुळं बाहीनंच तोंड पुसत राहिली. गुंडी तिच्याजवळ गेली नाही, समजूतही घातली नाही. ती फक्त थांबली. ताईचं रडणं ओसरलं तेव्हा तिनं कात्री उचलून मुठीच्या बाजूनं ताईपुढं धरली.

ताईनं कात्री घेतली. उभ्या जन्मात कापड कापायच्या आधी तिचा हात असा अडला नव्हता. तिनं पाती उघडली, खडूच्या रेषेशी आणून टेकवली, आणि मान वर केली.

"इथं?" तिनं विचारलं.

गुंडीनं वाकून नीट पाहिलं.

"इथं," ती म्हणाली.

ताईनं कापलं. बोटभर पुढं जाऊन पुन्हा थांबली, आणि पुन्हा विचारलं.